रोबोचे चार हात, स्वादुपिंडाचे नखरे

जठराच्या मागे लपलेलं, वीतभरही लांब नसलेलं स्वादुपिंड भल्याभल्या सर्जनना घाम फोडतं. आता तिथे रोबोही पोहोचलाय. रुग्णाच्या पदरात काय पडतं? कुठे फायदा, कुठे नुसतीच बरोबरी!

नाव रोबोचं, काम माणसाचं
रोबो स्वतःहून टाचणीही हलवत नाही. सर्जन थोड्या अंतरावर कन्सोलवर बसतो आणि त्याच्या बोटांबरहुकूम यंत्राचे हात पोटात चालतात. चित्र त्रिमितीत आणि दहापट मोठं दिसतं, हाताचा कंप गाळला जातो. एक उणीव होती, स्पर्श कळत नसे. धागा किती ताणलाय, ते डोळ्यांनीच ओळखायचं. 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘दा विंची 5’ या रोबोमध्ये काही अवजारांतून हा ताण हाताला जाणवतो.

पहिला मान इटलीचा
‘व्हिपल’ ही स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग काढण्याची मोठी शस्त्रक्रिया. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी 1935 मध्ये ती दोन टप्प्यांत केल्याचं मांडलं आणि त्यांचंच नाव तिला चिकटलं. तीच शस्त्रक्रिया रोबोने पहिल्यांदा केली ती 2001 मध्ये, इटलीतल्या ग्रोसेतो शहरात, पिएर क्रिस्तोफोरो जुलियानोत्ती यांनी.

निरोगी ग्रंथीच जास्त त्रासदायक!
व्हिपलमध्ये काढण्यापेक्षा जोडणं कठीण. स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर असे तीन जोड आतड्याला द्यायचे. स्वादुपिंडाची नलिका जेमतेम काही मिलिमीटरची. जोड गळला तर पाचकरस पोटात सांडतो आणि आसपासच्या रक्तवाहिन्याही कुरतडू शकतो. गंमत म्हणजे आजाराने कडक झालेल्या ग्रंथीत टाका पक्का बसतो, मऊ निरोगी ग्रंथीत मात्र लोण्यात टाका घातल्यासारखं होतं.

20, 40, 80
अमेरिकेत पिट्सबर्गच्या सर्जननी आपल्या सलग 200 रोबोटिक व्हिपल तपासल्या. 20 शस्त्रक्रियांनंतर रक्तस्राव घटला आणि रोबो सोडून पोट उघडण्याची वेळही कमी येऊ लागली. 40 नंतर गळती 27.5 टक्क्यांवरून 14.4 टक्क्यांवर आली. वेळ वाचू लागला तो 80 नंतर!

शेपटीला फायदा
स्वादुपिंडाची शेपटीकडची बाजू काढताना आतड्याला जोड द्यावा लागत नाही, त्यामुळे काम त्या मानाने सोपं. नेदरलँड्समधल्या 14 रुग्णालयांच्या चाचणीत दुर्बिणीने किंवा रोबोने शस्त्रक्रिया झालेले रुग्ण साधारण 4 दिवसांत सावरले. पोट उघडलेल्यांना 6 दिवस लागले.

डोक्याशी बरोबरी
व्हिपलमध्ये चित्र संमिश्र. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या छोट्या चाचणीत रोबो आणि उघड्या शस्त्रक्रियेत गुंतागुंतीचा एकूण भार जवळपास सारखाच निघाला, रोबोला वेळ मात्र जास्त लागला. चीनमधल्या चाचणीत हात बसलेले सर्जन होते. तिथे रोबोचे रुग्ण साधारण 11 दिवसांत घरी गेले, बाकीचे साडेतेरा दिवसांत. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठळक फरक नव्हता.

डच लोकांनी दाबलेला ब्रेक
नेदरलँड्समध्येच दुर्बिणीच्या (रोबोच्या नव्हे) व्हिपलची चाचणी मध्येच थांबवावी लागली. गुंतागुंतीमुळे 50 पैकी 5 रुग्ण दगावले होते, उघड्या शस्त्रक्रियेत 49 पैकी 1. रोबोच्या बाबतीत तिथल्या सर्जननी पिट्सबर्गच्या मदतीने आधी रीतसर शिक्षण घेतलं. त्यात कृत्रिम अवयवांवर टाके घालण्याचा सरावही होता.

गर्दी पाहून जा
रोबोचा बोलबाला होण्याआधीचा अमेरिकेतला एक अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्येष्ठ रुग्णांवर स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचं प्रमाण 16.3 टक्के होतं, सर्वाधिक करणाऱ्यांत 3.8 टक्के. मुंबईच्या टाटा मेमोरियलने तर सलग 1200 व्हिपलचा लेखाजोखा मांडलाय.

तेव्हा घरात कुणावर ही वेळ आलीच, तर ‘तुमच्याकडे रोबो आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘डॉक्टर, अशा शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्यात, आणि या रुग्णालयात वर्षाला किती होतात?’ हेही बेधडक विचारा.