सायकलीची घरगुती निगा

प्राथमिक शाळेची शेवटची इयत्ता उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींपैकी पुष्कळांस पुढील शिक्षणासाठी शेजारच्या मोठ्या गावी जावे लागते. चार किलोमीटरांची वाट पायी चालण्यास तासभर लागतो. सायकलीने ती अर्ध्या तासाच्या आत सरते. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या, त्यामागील हेतू हाच की, अंतरामुळे मुलीची शाळा सुटू नये. परंतु सायकल घरी आली म्हणजे प्रश्न मिटला, असे होत नाही. हवा गेलेली, साखळी गंजलेली सायकल पडवीत भिंतीस टेकून उभी असल्याचे दृश्य खेड्यापाड्यांत अपरिचित नाही. तिचा दोष बहुधा लहानसा असतो. पण दुरुस्तीचे दुकान दूर असते, घरची माणसे शेतावर गेलेली असतात, आणि मुलीस त्यातले काही शिकविलेले नसते. एका दिवसाची गैरहजेरी मग आठवड्याची होते. यास्तव सायकल चालविण्याबरोबर ती राखण्याचे ज्ञानही मुलांस वेळीच मिळाले पाहिजे.

त्यासाठी लागणारे साहित्य थोडे आहे. हवा भरण्याचा पंप, टायर उतरविण्याच्या दोन बोथट पट्ट्या, काचकागदाचा तुकडा, सोल्यूशनची नळी, ठिगळांसाठी जुन्या ट्यूबचे रबर, दोन-तीन पाने, एक पेचकस आणि तेलाची लहान कुपी, एवढे एका पिशवीत राहते.

प्रथम हवेचा विचार करू. टायरमध्ये हवा किती असावी, हे त्याच्या कडेवर छापलेले असते. दाबमापक नसल्यास अंगठ्याने दाबून पाहावे. टायर कठीण लागला पाहिजे, आणि स्वार बसल्यावर तो जमिनीशी किंचितच पसरावा. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये पितळी नळीच्या बाजूस एक बारीक छिद्र असून त्यावर रबराची पातळ नळी चढविलेली असते. पंपाच्या दाबाने हे रबर फुगते व हवा आत शिरते. पंप थांबताच आतील हवाच त्या रबरास छिद्रावर दाबून वाट बंद करते. हे रबर जुने होऊन चिरले की हवा हळूहळू जाते, आणि ट्यूब फाटली असा समज होतो. म्हणून पंक्चर शोधण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी अथवा साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडा आला तर केवळ रबर बदलल्याने काम भागते.

तेथे बुडबुडा न आल्यास ट्यूब बाहेर काढावी. टायर पेचकसाने उचकटू नये. त्याच्या धारेने ट्यूबला दुसरे छिद्र पडते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात क्रमाने फिरवावी व बुडबुड्याच्या जागी खूण करावी. छिद्र कोठे पडले आहे, यावरून कारण कळते. ते ट्यूबच्या बाहेरील अंगास, म्हणजे रस्त्याच्या बाजूस असेल, तर बाभळीचा काटा, सराटा किंवा खिळा टायरमध्ये अद्याप रुतलेला असण्याचा संभव असतो. आतील अंगास असेल, तर रिमवरील पट्टी सरकून तारेचे टोक लागत असते. दोन छिद्रे शेजारी-शेजारी असतील, तर हवा कमी असताना चाक दगडावर आदळून ट्यूब रिमखाली चेपली गेली आहे, असे समजावे. कारण दूर केल्याशिवाय ठिगळ लावल्यास दुसऱ्याच दिवशी पुन्हा पंक्चर होते, व दोष मात्र ठिगळास दिला जातो.

छिद्राभोवतीचा भाग कोरडा करून काचकागदाने खरखरीत करावा. त्यावर व ठिगळावर सोल्यूशनचा पातळ थर द्यावा आणि सुमारे पाच मिनिटे थांबावे. ओले सोल्यूशन चिकटत नाही. ते बोटास लागेनासे झाले म्हणजेच ठिगळ बसवून घट्ट दाबावे. बहुतेक घरगुती ठिगळे सुटतात, ती या पाच मिनिटांच्या उतावळेपणामुळे. टायर परत चढविण्यापूर्वी त्याच्या आतून जाड फडके फिरवावे, म्हणजे राहिलेला काटा त्यात अडकून सापडतो.

साखळीस धूळ व पाणी हे दोन शत्रू आहेत. आठवड्यातून एकदा ती कोरड्या फडक्याने पुसावी व प्रत्येक सांध्यावर तेलाचा एकेक थेंब सोडून वरचे तेल पुसून टाकावे. शिवणयंत्राचे तेल चालते. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये, कारण ते काही दिवसांनी चिकट होऊन धूळ धरते. साखळी मध्यभागी वर-खाली सुमारे दीड सेंटिमीटर हलावी. त्याहून सैल असल्यास ती उतरते, ताठ असल्यास पायडल जड होते. साखळीची झीज मोजण्यास शाळेतील बारा इंची पट्टी पुरते. साखळीचे दोन लगतचे खिळे अर्ध्या इंचावर असतात. एका खिळ्याच्या मध्यावर पट्टीचे शून्य धरले असता चोविसावा पुढील खिळा बरोबर १२ इंचांवर आला पाहिजे. तो १/८ इंच पुढे गेला असेल, तर साखळी बदलावी. अन्यथा ती चक्राचे दातेही खाऊन टाकते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तडजोड नको. रोज निघण्यापूर्वी एकेक ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून पाहावी. ते चाक फिरता कामा नये. ब्रेकचे रबर रिमवरच टेकले पाहिजे, टायरला घासता कामा नये. रिमवर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. लोखंडी रिम पावसात भिजली की ब्रेक फार उशिरा धरतो. म्हणून उतारावर वेग आधीच कमी करावा, व पुढचा ब्रेक एकट्याने एकदम दाबू नये.

काही कामे घरी करू नयेत. वाकलेला पुढचा चिमटा, तडकलेली फ्रेम, अनेक तारा तुटलेले चाक ही दुकानातच न्यावीत. घरी पायडल काढताना एवढे ध्यानात ठेवावे की, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते नेहमीच्या दिशेने फिरवल्यास सुटण्याऐवजी अधिक आवळले जाते.

शिक्षकांनी आठवड्यातून एक तास यासाठी दिला, तर तो अभ्यासक्रमाबाहेरचा ठरणार नाही. हाताच्या कामातून शिक्षण व्हावे, हा विचार १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने देशापुढे मांडला होता, आणि सायकल हे त्याचे दारात उभे असलेले साधन आहे. पुढील चक्राचे ४४ व मागील चक्राचे १८ दाते मुलांनीच मोजावेत. २८ इंची चाकाचा परिघ ८८ इंच येतो. त्यास ४४ ने गुणून १८ ने भागले म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २१५ इंच, अर्थात जवळजवळ साडेपाच मीटर जाते. हे उत्तर मैदानावर खडूची खूण करून पडताळता येते. व्हॉल्व्हवरून हवेचा दाब, ब्रेकवरून घर्षण शिकविता येते.

हा पाठ मुलींसही मुलांइतकाच द्यावा. किंबहुना त्यांच्या हाती पाना आधी द्यावा. वाटेत काटा रुतला असता जिला दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही, तिची शाळा सहसा चुकत नाही.