डोंगरातल्या मुक्कामाचं भाडं कोण भरतं?

न्यूझीलंडमधल्या चार गर्दीच्या ठिकाणी परदेशी पाहुण्यांकडून माणशी 20 ते 40 डॉलर घ्यायचे, असं तिथल्या सरकारनं ऑगस्ट 2025मध्ये जाहीर केलं. मिलफर्ड साउंड, टोंगारिरो क्रॉसिंग, कॅथीड्रल कोव्ह आणि माउंट कुक ही ती चार ठिकाणं. ही बातमी सहलीच्या खर्चाची म्हणून वाचली, तर दोन मिनिटांत संपते. पण सायकलवर सामान बांधून तिथला डोंगर ओलांडणाऱ्यांना तिच्यात वेगळा प्रश्न दिसेल. त्या देशाची जवळजवळ एक तृतीयांश जमीन संवर्धन खात्याकडे आहे आणि तिच्यावर साडेनऊशेहून जास्त हट उभ्या आहेत. बहुतेकींपर्यंत गाडीरस्ता नाही, वीज नाही, रखवालदार नाही. या हट टिकल्या कशा? करदात्यांचा पैसा लागलाच, मुक्कामाचं भाडंही जमा होतं. पण नुसत्या पैशानं त्या टिकल्या नसत्या. त्यांत झोपणाऱ्यांनीच वेळोवेळी झाडू आणि हातोडा हातात घेतला, म्हणून त्या आहेत. शुल्काच्या वादात नेमकं हेच बाजूला पडतं आहे.

या हटचा जन्म पर्यटनासाठी झालेलाच नव्हता. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नसलेल्या त्या बेटांवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिकारीच्या हौसेपायी लाल हरणं आणून सोडली. त्यांना खाणारं कोणी नव्हतं. हरणं वाढली, रानातली कोवळी रोपटी फस्त झाली, उघडे पडलेले उतार पावसात सुटू लागले. 1930च्या दशकात सरकारनं पगारी शिकारी नेमले. 1956मध्ये हे काम वनखात्याकडे गेलं आणि पुढच्या दीडेक दशकात खात्यानं डोंगरांत शेकडो हट बांधल्या. सहा माणसांचे बंक, पत्र्याचं छत, एक चूल, आणि धुक्यातूनही दिसावा म्हणून कित्येकींना भडक नारिंगी रंग. सामान आधी विमानातून टाकलं जाई, नंतर हेलिकॉप्टर आलं. या शिकाऱ्यांच्या आयुष्यावर बॅरी क्रम्प यांनी लिहिलेलं ‘अ गुड कीन मॅन’ हे पुस्तक 1960मध्ये आलं आणि तिथे घराघरांत पोचलं. पुढे हेलिकॉप्टरमधूनच हरणं टिपून मांस विकायचा धंदा सुरू झाला, पायी हिंडणाऱ्या शिकाऱ्याचं काम संपलं. हट मागे राहिल्या. त्यांचा ताबा हळूहळू पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या डोंगरभटक्यांनी घेतला.

1987मध्ये वनखातं मोडलं आणि संवर्धन खातं आलं. आठ वर्षांनी, 28 एप्रिल 1995 रोजी, पापारोआ राष्ट्रीय उद्यानात केव्ह क्रीक इथे दरीवर काढलेला सज्जा विद्यार्थ्यांसह कोसळला. तेरा विद्यार्थी आणि खात्याचा एक अधिकारी असे 14 जण गेले. चौकशीत निघालेली गोष्ट आजही अंगावर काटा आणते. तो सज्जा पात्रताधारक अभियंत्यानं आखलेला नव्हता आणि जिथे बोल्ट हवे होते तिथे खिळे ठोकलेले होते. त्यानंतर देशातला प्रत्येक झुलता पूल, जिना, हट तपासली गेली आणि बांधकामाचे निकष कडक झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण निकष वाढले तसा देखभालीचा खर्चही वाढला, आणि दूरवरच्या, वर्षाला मोजकी माणसं येणाऱ्या हटवर काट मारायची भाषा सुरू झाली. डोंगरवाल्या मंडळींनी ‘आम्ही सांभाळतो’ म्हणून पुढे यायला सुरुवात केली, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

आता सायकलकडे येतो, कारण या सगळ्यात शेवटी आलेली आणि सर्वांत जास्त बोलणी खाल्लेली मंडळी म्हणजे माउंटन बाइकवाले.

दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ लायल नावाचं गाव होतं. एकोणिसाव्या शतकात सोन्यापायी वसलेलं, हॉटेलं-शाळा असलेलं. आज तिथे तंबू ठोकायला मोकळं मैदान आणि झाडीत हरवलेली जुनी दफनभूमी एवढंच उरलं आहे. लायलहून डोंगरापलीकडच्या मोकिहिनुई नदीच्या खोऱ्यात जायला खाणकामगारांनी दोन्ही टोकांकडून रस्ता काढायला घेतला होता. मधल्या डोंगरानं दाद दिली नाही आणि काम अर्धवट राहिलं. 2007च्या सुमारास या रस्त्याचा जुना नकाशा स्थानिकांच्या हाती लागला, आणि त्यांनी तो पुरा करायचं मनावर घेतलं. मोकिहिनुई-लायल बॅककंट्री ट्रस्ट स्थापन झाला. हेलिकॉप्टरनं उचलून नेलेली लहान खोदाई यंत्रं, सुरुंग, पगारी कारागिरांची छोटी तुकडी आणि आळीपाळीनं येणारे स्वयंसेवक यांच्या बळावर डिसेंबर 2015मध्ये 85 किलोमीटरचा ‘ओल्ड घोस्ट रोड’ खुला झाला. सरकारी मदत मिळाली, हे खरं. पण हा ट्रेल काढला तो ट्रस्टनं, नव्या हट बांधल्या त्याही ट्रस्टनं, आणि आज त्यांचं आरक्षण आणि देखभालही तोच बघतो.

याच काळात नदीच्या दुसऱ्या टोकाला वेगळंच घडत होतं. मेरिडियन या वीज कंपनीला मोकिहिनुईच्या घळीत सुमारे 85 मीटर उंचीचं धरण बांधायचं होतं. ट्रेलचा शेवटचा टप्पा ज्या घळीतून जातो, ती पाण्याखाली गेली असती. धरणाला सुरुवातीची परवानगीही मिळाली होती. संवर्धन खातं आणि पर्यावरणवाद्यांनी तिला आव्हान दिलं, आणि मे 2012मध्ये कंपनीनं प्रकल्प सोडून दिला. 2019मध्ये या खोऱ्यातली 64 हजार हेक्टरहून अधिक जमीन काहुरांगी राष्ट्रीय उद्यानात आली. घळीच्या काठावर आज स्पेसिमेन पॉइंट ही हट उभी आहे. एकाच वेळी एका टोकाला कुदळ चालत होती आणि दुसऱ्या टोकाला घळच बुडायची शक्यता होती, तरी ही माणसं खोदत राहिली. मला या ट्रेलबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो यासाठी.

सायकलवाल्याला हट का लागते, हेही समजून घ्यायला हवं. चालणारा पंधरा किलोचं ओझं पाठीवर घेऊन हळूहळू चढतो. खडकाळ, अरुंद वाटेवर सायकल चालवणाऱ्याचा तोल ओझं वाढलं की जातो. हँडलला पिशवी बांधली तर पुढचं चाक जड होतं. सीटखाली बांधली तर उतारावर सीट खाली घेता येत नाही, सस्पेन्शन दबलं की पिशवी चाकाला घासते. तंबू, गादी, स्टोव्ह, भांडी घरी ठेवता आली, तरच सायकल सायकलसारखी चालते. ओल्ड घोस्ट रोडवरच्या ट्रस्टच्या हटमध्ये गाद्या, गॅसच्या शेगड्या, पातेली, ताटं असतात. आपण न्यायचं ते झोपायची पिशवी, अन्न आणि गरम कपडे. वाट अवघड गणली जाते. पहिला दिवस जवळजवळ सगळा चढाचा. सुमारे 18 किलोमीटरवर लायल सॅडल आणि 30 किलोमीटरवर घोस्ट लेक. चालणारे लायल सॅडलला थांबतात, सायकलवाले बहुधा पुढे घोस्ट लेक गाठतात. ही हट 1200 मीटरवर, कड्याच्या अगदी काठाशी आहे. दुसऱ्या दिवशी स्कायलाइन कडेपठारावरून तीनशेच्या आसपास लाकडी पायऱ्या उतरायच्या असतात, सायकल खांद्यावर घेऊन. पुढे बोनयार्ड लागतं, मोठमोठ्या दगडांचा घसरलेला उतार. 1929च्या मर्चिसन भूकंपानं या भागातले डोंगरच्या डोंगर खाली आणले, त्याच्या खुणा वाटभर दिसतात.

संध्याकाळी हटवर पोचल्यावर पहिलं काम पाण्याचं. छतावरचं पावसाचं पाणी टाकीत साठतं, त्याला नळ असतो. चिखलानं माखलेले बूट बाहेर काढायचे, पण उंच टांगून. वेका नावाचा, कोंबडीएवढा, न उडणारा पक्षी दबा धरून असतो. पळवता येईल ते तो पळवतो, मोजा असो वा चमचा. डोंगरमाथ्यावर किआ नावाचे पोपट असले, तर सायकलचं सीटही कुरतडतात. आत एकच मोठी खोली, मधे लोखंडी शेकोटी, वर दोऱ्या, दोऱ्यांवर सगळ्यांचे ओले कपडे. लांबच लांब फळीवर गाद्या शेजारी शेजारी मांडलेल्या. अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून झोपायचं आणि त्याचं घोरणं ऐकायचं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात रात्र काढलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. त्याला नवं वाटेल ते सकाळचं काम. निघण्याआधी ओटा पुसायचा, फरशी झाडायची, शेकोटीतली राख काढायची, आणि जाळलं तेवढं सरपण फोडून, कोरडं राहील असं रचून ठेवायचं. पुढचा माणूस भिजून, काकडून रात्री दहाला येईल, तेव्हा त्याला काडी पेटवली की जाळ मिळाला पाहिजे. कचऱ्याची टोपली कुठेच नसते. आणलेलं प्लॅस्टिक आपल्याच पिशवीतून परत न्यायचं.

दाराजवळ फळीवर एक वही असते. नाव, तारीख, किती जण, कुठून आलो, कुठे निघालो, हवा कशी. खात्याचा माणूस या वहीवरून हट किती वापरली जाते ते पाहतो, त्यावरून तिचं भवितव्य ठरायला मदत होते. पण वहीचं मुख्य काम दुसरं. कोणी ठरल्या दिवशी घरी पोचलं नाही, की शोधपथकाला विचारायचे प्रश्न दोनच असतात: शेवटचा कुठे दिसला, कुठे जाणार होता. वही दोन्हींचं उत्तर देते. ‘पाऊस फार, उद्या नदी उतरली नाही तर इथेच थांबणार’ एवढ्या एका ओळीनं शोधाचं क्षेत्र एका खोऱ्यापुरतं होतं. पश्चिम किनाऱ्यावर पावसानं नद्या तासाभरात चढतात, म्हणून ही ओळ महत्त्वाची.

सायकलवाल्यांनी इथली जागा सहज मिळवलेली नाही. 78 किलोमीटरच्या हीफी ट्रॅकवर पूर्वी सायकल चालायची. 1996मध्ये काहुरांगी राष्ट्रीय उद्यान झालं आणि बंदी आली. चालणाऱ्यांची तक्रार होती की वळणावर अचानक सायकल येते, शांतता जाते. ती खोटी नव्हती. 2011पासून हिवाळ्यापुरती परवानगी देऊन पाहिली, आणि दोघं एकत्र नांदू शकतात असं दिसल्यावर ती कायम झाली. आता 1 मे ते 30 नोव्हेंबर या काळातच सायकल, आणि तीही उजेडी. अंधारात वाटेवर किवी पक्षी उतरतात, मोठ्या मांसाहारी गोगलगायी फिरतात. त्यांच्या वेळेत चाक फिरवायचं नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. पापारोआ ट्रॅक तर आखतानाच चालणारे आणि सायकलवाले दोघांसाठी आखला. 19 नोव्हेंबर 2010 रोजी पाइक रिव्हर कोळसा खाणीत 29 जण गेले, त्यांच्या स्मृतीशी हा 55 किलोमीटरचा मार्ग जोडलेला आहे, आणि तो उभा करण्यात त्यांच्या कुटुंबीयांचा आग्रह मोलाचा ठरला.

या सगळ्यांतून एक संस्था उभी राहिली आहे, बॅककंट्री ट्रस्ट. हरणांचे शिकारी, डोंगर चालणारे क्लब आणि सायकलवाले अशा तीन गटांच्या संघटनांनी ती मिळून काढली. हे तिघं एकमेकांकडे फार प्रेमानं पाहत नव्हते. आता एकाच हटचं गळकं छप्पर बदलायला शनिवार-रविवारी एकत्र जातात. पत्रे आणि हेलिकॉप्टरचा खर्च ट्रस्टमार्फत सुटतो, श्रम मात्र त्यांचे.

म्हणून शुल्काबद्दल माझं मत ठाम आहे. मिलफर्डला येणाऱ्या पाहुण्यानं 40 डॉलर द्यावेत, त्यात अन्याय नाही. तिथल्या वाटा, संडास, पूल फुकट होत नाहीत. धोका आहे तो पुढच्या पायरीवर. पैसे भरलेला माणूस गिऱ्हाईक होतो आणि गिऱ्हाईक सरपण फोडत नाही. तो म्हणतो, भाडं दिलंय, झाडायला माणूस ठेवा. माणूस ठेवला की भाडं वाढतं, भाडं वाढलं की तक्रारी वाढतात, आणि शेवटी साधी हट हॉटेल होते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या टेल्युराइडपासून युटातल्या मोआबपर्यंत सान हुआन हट्सची साखळी सायकलवाल्यांसाठीच आहे. ती खासगी आहे, आत डबाबंद अन्नसुद्धा भरून ठेवलेलं असतं. सोय उत्तम, आणि ज्याला ती हवी त्यानं जरूर घ्यावी. पण सार्वजनिक जमिनीवरची सहा बंकची नारिंगी हट त्या वाटेनं नेली, तर पाठीवर थोडे पैसे आणि थोडं अन्न घेऊन निघणारा विशीतला मुलगा तिच्यातून बाहेर पडेल, आणि उद्या छप्पर बदलायला जाणारा तोच असतो. ओल्ड घोस्ट रोडचा ट्रस्ट भाडं घेतो आणि तरीही येणाऱ्याकडून झाडून घेतो. शुल्काचे नवे नियम करणाऱ्यांनी त्यातलं दुसरं कलम आधी वाचावं.

जाणार असाल तर ओल्ड घोस्ट रोडचं आरक्षण खूप आधी करा, उन्हाळ्याच्या म्हणजे डिसेंबर ते मार्चच्या जागा लवकर जातात. झोपायची पिशवी स्वतःची हवी. सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांसाठी मलम आणि लांब बाह्यांचा शर्ट. सायकल आणि बूट विमानात चढवण्यापूर्वी घासून धुवा, मातीचा कणही विमानतळावर अडवला जातो. 2004मध्ये डिडिमो हे शेवाळ दक्षिण बेटाच्या नद्यांत सापडलं, तेव्हापासून एका नदीतून दुसरीकडे जाताना चाकं धुऊन वाळवायची सवय तिथे लावून घेतलेली आहे. मोबाइलला वाटभर रेंज नाही, तेव्हा संकटसंदेश देणारा बीकन भाड्यानं घ्या. आणि मुक्काम न करता नुसतं पाणी भरायला थांबलात, तरी वहीत नाव आणि पुढचा टप्पा लिहून मगच निघा.