इंग्रजीतले ‘जर-तर’ आणि सहीचा कागद

आपल्या कामरगावकडे आई मुलाला सांगते, “पाणी आलं तं कापूस आत घेजो.” पाणी अजून आलेले नाही, येईल की नाही तेही ठाऊक नाही. तरी ती ‘आलं’ म्हणते, ‘येईल तं’ म्हणत नाही. व्याकरणाचे पुस्तक हाती न घेता आपल्या आयाबाया हा नियम बिनचूक पाळतात.

इंग्रजीचा नियम याच्याच शेजारचा आहे. ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ घालायचे नाही, ते ‘तर’च्या बाजूला घालायचे. “इफ इट रेन्स, आय विल नॉट कम.” मुले मात्र “इफ इट विल रेन” लिहून मोकळी होतात. पुढची गोष्ट म्हणजे ‘विल’, एवढेच त्यांनी पाठ केलेले असते. अशा वेळी त्यांना आईचे वाक्य आठवायला सांगावे.

हुकलेल्या गोष्टीत मात्र मराठी आपला पाय मागे ओढते. “अभ्यास केला असता तर पास झालो असतो.” इथे दोन्हीकडे ‘असता-असतो’ आहे, म्हणून मूल दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावते. इंग्रजीत ‘इफ’कडे ‘हॅड’ हवे: “इफ आय हॅड स्टडीड, आय वुड हॅव पास्ड.” याला सरावाशिवाय उपाय नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आली, पण हे वाक्य दहावीच्या पुढेही चुकते.

मार्कांचे एक वेळ सोडा. खरा घात होतो तो ‘अनलेस’ने. या शब्दाच्या पोटात ‘नाही’ आधीच बसलेले आहे. “फी भरली नाही तर प्रवेश रद्द होईल” याला इंग्रजीत “अनलेस यू पे द फी” एवढेच पुरे. आपण सवयीने “अनलेस यू डू नॉट पे” लिहितो आणि अर्थ उलटा होतो, म्हणजे फी भरली तर प्रवेश रद्द!

दुसरा शब्द ‘प्रोव्हायडेड दॅट’. अमुक केले तरच तमुक मिळेल, असा त्याचा अर्थ. कायद्याच्या मराठीत अशा अटीच्या भागाला परंतुक म्हणतात. मी कारकून माणूस, असे कागद रोज हाताखालून जातात. वरच्या ओळीत काय मिळणार ते असते आणि ‘प्रोव्हायडेड’च्या पुढे काय द्यावे लागणार ते. लोक वरची ओळ वाचून सही करतात.

अटीला किती वजन असते ते बाबासाहेबांच्या चरित्रात दिसते. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते आणि शिक्षण संपल्यावर १० वर्षे संस्थानाची नोकरी करायची होती. त्या अटीप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. अस्पृश्य म्हणून तिथे राहायला जागासुद्धा मिळाली नाही आणि त्यांना परतावे लागले.

तेव्हा माता-भगिनींनो, कर्जाचा, वसतिगृहाचा किंवा नोकरीचा इंग्रजी कागद घरी आला की शिकत्या मुलीला जवळ बसवा. ‘इफ’, ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड’ या शब्दांखाली तिला पेन्सिलीने रेघ मारू द्या आणि ते प्रत्येक वाक्य मराठीत मोठ्याने सांगू द्या. एखादे अडले तर कागद तसाच ठेवा, दुसऱ्या दिवशी तिच्या शिक्षकांना विचारा. सही त्यानंतर करा.