कणकेचा पाव : पीठ आंबवायचे ते कशासाठी?



पीठ पायाने तुडवतात म्हणून 'पाव' हे नाव पडले, असे तुम्ही कधीतरी ऐकले असेल. ते खरे नाही. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्यामागून भट्टीतला पावही आला. गोव्याचे पोदेर पीठ आंबवण्यासाठी माडाची सूर वापरू लागले. त्यांची कोंड्यात घोळलेली पोई आजही आवडीने खाल्ली जाते.

असा कोंड्यासकट पाव नवी मुंबईत दिघा येथील एखाद्या घरीही करता येतो. पण त्याआधी एका प्रश्नाचा विचार करू या. पीठ आंबवायचे ते केवळ पाव फुगावा म्हणून का?

दाण्याच्या आत

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात : बाहेर कोंडा, आत पिष्टमय गर आणि टोकाला अंकुर. वजनाने कोंडा सुमारे १४ टक्के, अंकुर २ ते ३ टक्के व बाकीचा गर असतो. मैदा म्हणजे नुसता गर. कणकेत तिन्ही भाग येतात. लोह, जस्त आणि तंतू यांचा मोठा साठा कोंड्यात असतो.

पीठ भिजवून मळले की त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. यीस्ट हा सूक्ष्मजीव पिठातील साखरेपासून कार्बन डाय-ऑक्साइड वायू व अल्कोहोल तयार करतो. वायूचे बुडबुडे जाळ्यात अडकतात आणि पीठ फुगते. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून त्याचा असा पाव होत नाही. कणकेत ग्लुटेन असले तरी कोंड्याचे कण त्याचे पातळ पडदे फाडतात. त्यामुळे कणकेचा पाव मैद्याच्या पावापेक्षा ठेंगणा राहतो.

कोंड्यातील कुलूप

कोंड्यात फायटिक आम्लही असते. ते लोह आणि जस्त यांना घट्ट धरून ठेवते. मग ही खनिजे पोटात गेली तरी त्यांचा बराच भाग आतड्यात शोषला जात नाही.

याचे महत्त्व एका भारतीयाच्या कामातून पुढे आले. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करत होते. तेथे २१ वर्षांचा एक रुग्ण त्यांच्याकडे आला. तो दिसत होता जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढा! अशा रुग्णांचे जेवण म्हणजे मुख्यतः न आंबवलेली गव्हाची रोटी. मांस जवळजवळ नाहीच. प्रसाद यांनी १९६१ मध्ये ही लक्षणे प्रसिद्ध केली. पुढे इजिप्तमधील तशाच रुग्णांच्या शरीरात जस्त कमी असल्याचे त्यांनी १९६३ मध्ये दाखवले.

हे कुलूप उघडणारी किल्ली गव्हातच असते. फायटेज नावाचे विकर फायटिक आम्लाचे तुकडे करते. मात्र त्याला ओलावा, ऊब, थोडी आंबट स्थिती आणि वेळ लागतो. पीठ सावकाश आंबवले की या चारही गोष्टी मिळतात.

मग पोळी वाईट का? मुळीच नाही. पोळीबरोबर आपण डाळ, भाजी खातो. लिंबू, पेरू, आवळा यांतील क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते १९ वर्षांच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात खाल्लेले लोह अंगी लागणे फार मोलाचे आहे.

करून पाहा

रात्री १०० ग्रॅम कणीक, १०० मिलिलिटर पाणी व चिमूटभर कोरडे यीस्ट कालवून झाकून ठेवा. सकाळी त्याला आंबूस वास येईल. त्यात २०० ग्रॅम कणीक, सुमारे १२० मिलिलिटर पाणी व एक लहान चमचा मीठ घाला. दहा मिनिटे मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल असावे, कारण कोंडा सावकाश पाणी पितो. ते दीडपट फुगले की गोळा वळून तेल लावलेल्या डब्यात ठेवा. पुन्हा फुगल्यावर २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ३५ ते ४० मिनिटे भाजा. भट्टी नसेल तर जाड पातेल्यात मिठाचा थर व त्यावर कडे ठेवून, झाकण लावून ते तापवा आणि मोठ्यांच्या मदतीने त्यात भाजा. याला थोडा अधिक वेळ लागतो. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की पाव झाला.

फुगायला किती वेळ लागेल? दिघा ठाणे खाडीजवळ आहे. तिथे मे महिन्याच्या उकाड्यात यीस्ट झपाट्याने काम करते, डिसेंबरच्या रात्री मंदावते. म्हणून घड्याळापेक्षा पिठाकडे पाहा.

सारख्याच दोन पेल्यांत समान वजनाचे मैद्याचे व कणकेचे पीठ ठेवा. दोन्हींत यीस्टही सारखेच घाला. दर अर्ध्या तासाने उंची आणि खोलीचे तापमान वहीत लिहा. हाच प्रयोग उन्हाळ्यात व हिवाळ्यात करून आलेख काढा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.