बिनतारी अनुयोजक, यूएसबी
बिनतारी अनुयोजक, यूएसबी : संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवून त्यास घरातील बिनतारी जाळ्याशी जोडणारे छोटे उपकरण. व्यवहारात यास ‘वाय-फाय डोंगल’ म्हणतात. सिमकार्ड घालून वापरावयाच्या डोंगलहून हे वेगळे आहे. ते मोबाइल सेवेमार्फत स्वतः इंटरनेट आणते, तर अनुयोजक घरात आधीच असलेल्या राउटरशी केवळ संपर्क साधून देतो.

रचना व कार्य : अनुयोजकात रेडिओ तरंगांचा प्रेषक व ग्राही, अँटेना आणि या सर्वांचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनीय चकती (चिप) असते. तो २.४ किंवा ५ गिगॅहर्ट्‌झ कंप्रता पट्ट्यात काम करतो. भारतात २.४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा अशा अल्पशक्ती उपकरणांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगॅहर्ट्‌झमधील मोकळीक २०१८ मध्ये वाढविण्यात आली. पहिल्या पट्ट्यातील तरंगांची लांबी सु. १२.५ सेंमी., तर दुसऱ्यातील सु. ५.५ सेंमी. असते. पहिले तरंग भिंतींतून अधिक चांगले पार होतात. मात्र या पट्ट्यात शेजारची जाळी, ब्लूटूथ व सूक्ष्मतरंग भट्टी यांचा व्यत्यय येतो. दुसऱ्या पट्ट्यात वेग अधिक, पण पल्ला कमी मिळतो.

निवड : वाशिम जिल्ह्यातील रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी जाड भिंतींच्या जुन्या घरात राउटर दर्शनी खोलीत व जुना संगणक आतल्या खोलीत असेल, तर वेगापेक्षा जोडणीचे सातत्य महत्त्वाचे ठरते. परीक्षेचा अर्ज किंवा पीकविम्याचा प्रस्ताव भरताना अखेरच्या दिवशी जोडणी तुटली, तर वेष्टनावरील मोठ्या आकड्याचा काही उपयोग होत नाही. हा आकडा पुष्कळदा दोन पट्ट्यांच्या वेगांची बेरीज असतो, उदा., ‘६००’ म्हणजे २.४ गिगॅहर्ट्‌झवरील सु. १५० व ५ गिगॅहर्ट्‌झवरील सु. ४३३ मेगाबिट प्रतिसेकंद. हे दोन्ही वेग एका वेळी मिळत नाहीत आणि प्रत्यक्षातील वेग यांहून बराच कमी असतो. शिवाय घरातील इंटरनेट सेवा ४० मेगाबिटांची असल्यास त्याहून अधिक वेग कोणताही अनुयोजक देऊ शकत नाही.

विश्वसनीयता मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली म्हणजे ड्रायव्हर ही संगणकाला उपकरण चालविण्यास शिकविणारी आज्ञावली. ती संगणकातील कार्यप्रणालीसाठी उपलब्ध आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे. एकाच नमुना क्रमांकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळ्या चकत्या असू शकतात. म्हणून आवृत्तीही तपासणे इष्ट असते. मीडियाटेकच्या ७६१० व ७६१२ मालिकांतील यूएसबी चकत्यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच अंतर्भूत आहेत. त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स घातलेल्या जुन्या संगणकांना अशा चकत्यांचे अनुयोजक सोयीचे पडतात.

दुसरी गोष्ट अँटेना. २.४ गिगॅहर्ट्‌झसाठी पाव तरंगलांबीची साधी अँटेना सु. ३ सेंमी. लांब असते. नखाएवढ्या अनुयोजकात तेवढी जागा नसल्याने त्याचा पल्ला अपुरा पडतो. राउटर त्याच खोलीत असेल तर तो पुरतो. मध्ये एक-दोन भिंती असल्यास बाहेर अँटेना असलेला अनुयोजक घ्यावा.

मांडणी : टेबल-संगणकाच्या मागील बाजूस लावलेल्या अनुयोजकापुढे धातूच्या पेटीचा आडोसा येतो. सु. १ मी. लांबीच्या यूएसबी जोडतारेने तो उंच व मोकळ्या जागी ठेवल्यास ग्रहण सुधारते व उष्णताही साचत नाही. यूएसबी ३ खाचेतील चालू उपकरणांमुळे २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो. म्हणून या पट्ट्यासाठी यूएसबी २ खाच बरी.

सुरक्षितता : डब्ल्यूईपी या जुन्या संरक्षण पद्धतीतील दोष २००१ मध्येच उघड झाले. अनुयोजक व राउटर या दोहोंत डब्ल्यूपीए २ (२००४) किंवा डब्ल्यूपीए ३ (२०१८) ही पद्धत असावी. संगणक कायम एकाच जागी असेल आणि राउटरपर्यंत तार नेणे शक्य असेल, तर १०० मी. पर्यंतच्या अंतरासाठी तांब्याची ईथरनेट तार अनुयोजकापेक्षा अधिक भरवशाची ठरते.