शेतकरी सन्मान निधी आणि कोरडवाहू कुटुंबाचे अर्थजीवन : वेळ, नाव व पोहोच

बीजसंज्ञा : थेट रोख साहाय्य, सन्मान निधी, कोरडवाहू शेती, उधारी, सातबारा, बटईदार

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळात शेतकऱ्याला मिळणारे शासकीय साहाय्य प्रामुख्याने वस्तूच्या वा सवलतीच्या रूपाने मिळत आले. खतावरील अनुदान, आधारभूत किंमत, वीजदरातील सूट, पीककर्जावरील व्याजसवलत आणि प्रसंगी कर्जमाफी ही त्याची परिचित रूपे होत. या साऱ्यांत एक समान सूत्र आहे. शेतकऱ्याने काही विकत घेतले, विकले अथवा कर्ज काढले, तरच लाभ त्याच्यापर्यंत पोहोचतो. ज्याने बँकेचे कर्जच काढले नाही, त्याला व्याजाची सूट मिळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. थेट रोख साहाय्याने हे सूत्र मोडले.

तेलंगणा राज्याने १० मे २०१८ रोजी 'रयतु बंधू' योजना सुरू करून प्रत्येक हंगामात एकरी ४,००० रुपये देण्यास आरंभ केला. त्यापाठोपाठ ओडिशाची 'कालिया' योजना आली. १ फेब्रुवारी २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्र शासनाने 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी' घोषित केला. त्यानुसार शेतकरी कुटुंबास वार्षिक ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत मिळतात. आरंभी असलेली दोन हेक्टरांची मर्यादा त्याच वर्षी काढण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी महासन्मान निधी' या नावाने तेवढीच भर घातल्याने राज्यातील पात्र कुटुंबासाठी ही रक्कम वार्षिक १२,००० रुपये झाली.

ही रक्कम कुटुंबाच्या जीवनात नेमका कोणता बदल घडवते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. रकमेच्या आकारापेक्षा ती केव्हा येते आणि कोणाच्या नावावर येते, यावर तिचा परिणाम अधिक अवलंबून असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रकमेचे मोल

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार २०१८-१९ या कृषिवर्षात देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. त्यात मजुरी-वेतनाचा वाटा ४,०६३ रुपयांचा, तर पिकांपासून मिळणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचा वाटा ३,७९८ रुपयांचा होता. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्या कुटुंबाला पिकापेक्षा मजुरीतून अधिक पैसा मिळत होता. या आकड्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्राचे वार्षिक ६,००० रुपये, म्हणजे दरमहा ५००, एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास भरतात. एवढ्याने दारिद्र्य हटेल असे कोणी म्हणू नये. तथापि 'एवढ्याने काय होते' हा उपहासही तितकाच अपुरा आहे, कारण शेतीत पैशाचे मोल महिन्यागणिक बदलते.

उदाहरणादाखल तीन एकर कोरडवाहू कापूस घेणारे कुटुंब घेऊ. २०२५ च्या हंगामात बीटी कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटे धरली तर सहा पाकिटांचे ५,४०६ रुपये होतात. केंद्राचा आणि राज्याचा हप्ता मिळून ४,००० रुपये हाती असतील, तर चार पाकिटे आणि २६६ रुपये ५० पैशांचे युरियाचे एक पोते रोखीने येते. उरलेली दोन पाकिटे आणि डीएपी यांसाठी मात्र उधारी करावीच लागते.

अशी अर्धीमुर्धी रोखी का महत्त्वाची, हे समजण्यासाठी कृषी सेवा केंद्राच्या उधारीकडे पाहावे लागेल. उधारीवर माल घेणाऱ्यास वाणाची निवड फारशी नसते. दुकानदार देईल ते पाकीट आणि तो लिहील तो भाव घ्यावा लागतो. पीक निघाले की उधारी फेडण्याची निकड असते, म्हणून सोयाबीन वा कापूस घरात थांबत नाही. आवक वाढून भाव उतरलेला असतो, नेमक्या त्याच दिवसांत तो विकला जातो. जूनमधील दोन-चार हजारांची उणीव अशा रीतीने दिवाळीतील भावावर परिणाम करते. त्या वेळी हाती असलेली रोकड उधारीचा आकडा कमी करते आणि माल काही दिवस थांबविण्याची मुभा देते. एरवी वर्षभर विखरून आलेल्या तेवढ्याच पैशात ही शक्ती नसते.

शिवाय हा महिना केवळ पेरणीचा नसतो. बियाणे आणि महाविद्यालयाचे प्रवेश शुल्क एकाच खिशातून जाते, हे आपल्यापैकी ग्रामीण महाविद्यालयांत प्रवेशाचे काम पाहणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. 'पेरणी झाली की भरतो सर' हे वाक्य आपण दरवर्षी ऐकतो.

हप्त्याची तारीख

या दृष्टीने एप्रिल ते जुलै या कालखंडाच्या हप्त्याचा इतिहास तपासण्याजोगा आहे. २०२२ मध्ये तो ३१ मे रोजी वितरित झाला, म्हणजे मृगाच्या आधी. २०२३ मध्ये २७ जुलै, २०२४ मध्ये १८ जून आणि २०२५ मध्ये २ ऑगस्ट रोजी वितरण झाले. रक्कम तीच, हप्ता तोच. परंतु २०२२ मध्ये त्यातून बियाणे येऊ शकत होते, तर २०२५ मध्ये तो आला तेव्हा पेरणी आटोपून उधारी वहीत चढलेली होती. उशिरा आलेला पैसा वाया जातो असे नव्हे. तो फवारणीला, दवाखान्याला, फार तर उधारीच्या काही भागाला लागतो. पण कोणत्या तारखेला येईल हे ठाऊक नसलेल्या पैशावर कुटुंबास नियोजन करता येत नाही. केंद्राचा व राज्याचा हप्ता एकाच दिवशी येतो असेही नाही. वितरणाचा दिवस समारंभाच्या सोयीने न ठरता पेरणीच्या सोयीने ठरावा, ही अपेक्षा रास्त आहे. तिला अतिरिक्त खर्चही लागत नाही.

पैसा कोणाच्या नावावर

सन्मान निधीसाठी पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब मानले जाते. पैसा मात्र ज्याच्या नावे जमीन आहे त्याच्या खात्यात जमा होतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. निंदणी, वेचणी आणि जनावरे सांभाळणारी स्त्री या रकमेची लाभार्थी कुटुंबसदस्य म्हणून असते, खातेदार म्हणून क्वचितच. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेतून पत्नीच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला होता आणि १९९२ मध्ये राज्य शासनानेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासंबंधी योजना आणली. त्या मागणीला आज नवा आर्थिक संदर्भ प्राप्त झाला आहे.

वैयक्तिक खात्यामुळे काय घडते, याचे उत्तर मध्य प्रदेशातील प्रयोगात सापडते. 'सेवा' या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने २०११ पासून इंदूर परिसरातील आठ गावांत प्रत्येक प्रौढास दरमहा २०० आणि मुलामागे १०० रुपये विनाअट दिले. वर्षभराने ही रक्कम अनुक्रमे ३०० व १५० करण्यात आली. स्त्रीचा पैसा तिच्या स्वतःच्या नावे, मुलांचा आईकडे, अशी व्यवस्था होती. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने येथील कुटुंबांनी मजुरी कमी करून स्वतःच्या शेतातील काम वाढविले, पशुधन घेतले आणि कर्ज कमी केले. मुलांचे पोषण सुधारले व त्यात मुलींचा लाभ विशेष होता. मद्यावरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. रोख पैसा हाती पडला की तो व्यसनात जातो, हा शिक्षित वर्गातील लाडका समज आहे; त्याला या प्रयोगातून आधार मिळत नाही.

महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेने स्त्रीच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा करण्यास प्रारंभ केला. येथे एक विसंगती उद्भवते. जिच्या नावे सातबारा असल्याने सन्मान निधीचे दरमहा सरासरी १,००० रुपये मिळतात, तिला या योजनेतून फरकाचे ५०० रुपयेच दिले जातात. जमिनीची मालकी मिळवून तिच्या पदरी अधिक काही पडत नाही.

सातबाऱ्याबाहेरचे शेतकरी

आपल्या राज्यात कोठे बटईने, कोठे अर्धेलीने, कोठे खंडाने, तर विदर्भात मक्त्याने वा ठेक्याने जमीन कसली जाते. हे करार बहुधा तोंडी असतात, कारण कागद केला तर कूळ लागेल ही भीती मालकाच्या मनात १९४८ च्या कूळकायद्यापासून आहे. परिणामी पेरणीचा धोका पत्करणारा एक आणि हप्ता घेणारा दुसरा, असे चित्र निर्माण होते. 'रयतु बंधू'तही मदत मालकाला आणि तीही एकरी असल्याने मोठ्या खातेदाराकडे अधिक पैसा गेला. ओडिशाने मात्र 'कालिया'त बटईदारांचा विचार केला आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांसाठी शेळीपालन, कुक्कुटपालन, अळिंबी यांसारख्या व्यवसायांकरिता १२,५०० रुपयांची तरतूद ठेवली.

खातेदाराचा मृत्यू झाल्यास सातबाऱ्यावरील नाव बदलून घ्यावे लागते. वारसनोंद होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत नव्या वारसास नोंदणी करता येत नाही. त्यानंतर आधार-जोडणी, ई-केवायसी आणि भूमी अभिलेखांची पडताळणी हे टप्पे असतात. ज्या घरात कर्त्या पुरुषाने आत्महत्या केली, तेथे हप्ता बंद पडतो तो नेमका याच काळात. वारसनोंदीच्या अर्जासोबतच सन्मान निधीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, स्वीकारला जाणे शक्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. बटईदारांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण त्यांची गावनिहाय यादीच उपलब्ध नसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात आपले विद्यार्थी सात दिवस एकाच गावात राहतात. त्या गावी कोणती जमीन कोण कसतो, याची नोंद मालकाचे नाव न विचारताही करता येईल. अशा पाहणीची प्रश्नावली तयार करण्याचे काम अर्थशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे.