ओटा उचलण्याआधी उंबरा पाहा

जुलै 2018च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते. वसई-विरारचा बराच भाग सखल, त्यात प्रत्येक डांबरीकरणात रस्ता चढतो. मग बैठ्या घराचा मालक गवंड्याला सांगतो, ओट्यावर चार इंच कोबा घाला. उपाय चुकीचा नाही, पण उंची रस्ता पाहून नव्हे, उंबरा पाहून ठरवावी. ओटा आतल्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खालीच हवा आणि उतार बाहेर, दहा फुटांना सव्वा इंच. नाहीतर पागोळ्यांचं पाणी थेट घरात येतं आणि ओल भिंतीच्या गिलाव्यात चढते.

जाड थर म्हणजे मजबूत काम, हाही गैरसमजच. शंभर चौरस फुटांवर चार इंच काँक्रीटचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास जातं. खालची भरणी भुसभुशीत असेल तर ओटा खचून भिंतीपासून सुटतो. जुना गुळगुळीत कोबा छिन्नीने टोचून, धुऊन, त्यावर सिमेंटची स्लरी फिरवायला हवी. हे टाळलं की नवा थर पोकळ वाजतो. कुणी म्हणेल, मग पुराचं काय? गुडघाभर पाणी ओट्याने अडत नाही, ते संडासाच्या भांड्यातूनही वर येतं. त्यासाठी घराची जमीनच उचलावी लागते. ओट्याचं काम मात्र मे महिन्याआधी उरका आणि निदान सात दिवस पाणी मारा.